जुना लॅपटॉप घेतांना

जून महिना आला कीं महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींस लॅपटॉप कोठून आणावयाचा, हा प्रश्न घरोघर उभा राहतो. एकत्र कुटुंबांत तो एकदांच सुटतही नाहीं. थोरल्याच्या पाठोपाठ धाकटा आणि त्याच्या मागून पुतणी, असा क्रम लागलेलाच असतो. नव्या यंत्राची किंमत ऐकून घरचा कर्ता मनुष्य विचारांत पडतो, आणि मग कोणी तरी सुचवितो कीं, मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा आपल्याच गांवच्या दुकानांत 'रिफर्बिश्ड' लॅपटॉप बराच स्वस्त मिळतो. सूचना वाईट नाहीं. आमच्या मतें पुष्कळदां तीच शहाणपणाची असते. मात्र काय पाहावें हें ठाऊक असावें लागतें.

'रिफर्बिश्ड' ह्या शब्दास आम्ही जीर्णोद्धार म्हणतों. मोठ्या कंपन्या नोकरवर्गासाठीं शेंकड्यांनीं लॅपटॉप घेतात, अनेकदां भाडेकरारानें, आणि कांहीं वर्षांनीं ते एकदमच बदलतात. हीं उतरलेलीं यंत्रें व्यापारी विकत घेतात, तपासतात, बिघडलेला भाग बदलतात आणि पुनः बाजारांत आणतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हे मुळांत कचेरीच्या राबत्यासाठींच बांधलेले असतात. सांगाडा मजबूत, कळफलक चांगला, सुटे भागही मिळतात. तेवढ्याच पैशांत येणाऱ्या नव्या पण हलक्या मालापेक्षां हे आम्हांस बरे वाटतात. मात्र जीर्णोद्धार कोणता आणि नुसती रंगसफेदी कोणती, हें वरून पाहून कळत नाहीं.

बैल घेतांना शेतकरी आधीं त्याचे दांत पाहतो. लॅपटॉपचे दांत म्हणजे त्याच्या प्रोसेसरचा क्रमांक. दुकानदार 'आय-फाइव्ह आहे', 'आय-सेव्हन आहे' एवढेंच सांगून थांबतो. तें कुळाचें नांव झालें. पिढी त्यावरून कळत नाहीं. इंटेलच्या प्रोसेसरवर त्या नांवापुढें आंकडे असतात, ते विचारावे. ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. आरंभीं १ असेल तर पहिले दोन आंकडे मिळून घ्यावे. १०२१० म्हणजे दहावी. पातळ लॅपटॉपांत आठव्या पिढीपूर्वीं आय-फाइव्हला दोनच गाभे असत, आठवीपासून चार झाले. म्हणून अशा लॅपटॉपांत चौथ्या पिढीचा आय-सेव्हन आठव्या पिढीच्या आय-फाइव्हपुढें टिकत नाहीं, दुकानदार कांहींही सांगो.

आठव्या पिढीचा आग्रह आम्ही आणखी एका कारणानें धरतों. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चें सर्वसाधारण पाठबळ थांबविलें. त्यापुढें दिलेली वाढीव मुदत थोड्या काळापुरतीच आहे. विंडोज ११ हें, थोडे अपवाद सोडल्यास, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेंच अधिकृतपणें चालतें. पाठबळ संपलें म्हणजे यंत्र बंद पडतें असें नाहीं. त्याच्या सुरक्षेंत पडणारीं भगदाडें बुजविणारा कोणी उरत नाहीं. ज्या यंत्रावर मुलगी निबंध लिहिणार त्यावरच आजोबा पेन्शनचें खातें पाहणार असतील, तर ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. दुकानांत सहाव्या पिढीच्या यंत्रावरही विंडोज ११ चालतांना दिसेल; पण तें तपासणी चुकवून बसविलेलें असतें आणि पुढच्या सुधारणा मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाहीं. जुन्या यंत्राचाच मोह असेल तर त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घालावें. दोन्ही विनामूल्य आहेत. फक्त महाविद्यालयास विशिष्ट विंडोज-प्रणाली लागते काय, हें आधीं विचारून घ्यावें.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं मुलीसाठीं असाच एक देखणा लॅपटॉप घेतला. महिना बरा गेला. पुढें मुलीनें तो पुसून नव्यानें सुरू केला, तों पडद्यावर एका अनोळखी कंपनीचें नांव आलें आणि तेथील नोकराचा ईमेल व परवलीचा शब्द मागूं लागलें! यंत्र विकलें गेलें, पण मूळ मालकाच्या नोंदवहींतून तें कमी झालेंच नव्हतें. दुकानदारानें कानांवर हात ठेवले. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली, आणि पैसे वडिलांच्या निवृत्तिवेतनांतले. ह्यावर उपाय एकच. पैसे देण्यापूर्वीं आपल्यासमोर यंत्र पूर्ण पुसून इंटरनेटला जोडावयास सांगावें आणि नवें खातें उघडेपर्यंत उठूं नये. दुकानदार घाई करूं लागला तर दुसरें दुकान पाहावें. चालूं करतांना मिळणाऱ्या बायोसच्या पडद्यावरही जुना परवलीचा शब्द उरलेला नाहीं ना, हें पाहावें.

बॅटरी ही खर्चाची वस्तु आहे, हें धरूनच चालावें. विंडोजमधून तिचा अहवाल काढतां येतो. मूळ क्षमता किती आणि आज भरते किती, हे दोन आंकडे त्यांत शेजारीं असतात. आजचा आंकडा मूळच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यांतून वजा करवावी. स्पर्शपट्टी वर उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे असें समजून तें यंत्र हातांतही धरूं नये.

मेमरी ८ जीबीहून कमी नको, १६ असल्यास उत्तम. थिंकपॅड टी४८० मध्यें ती वाढवितां येते; एक्स१ कार्बनमध्यें मात्र ती जन्मतःच डकविलेली असते. फिरत्या चकतीची हार्डडिस्क असल्यास ती काढून एसएसडी घालावी. एवढ्या एका बदलानें म्हातारें यंत्रही चपळ होतें.

ॲपलचा इंटेल प्रोसेसरचा जुना मॅकबुक स्वस्त मिळाला तरी आम्ही तो घेणार नाहीं. २०२५ सालची टाहो ही त्या यंत्रांना चालणारी शेवटची मॅकओएस आहे.

जीएसटीची पावती यंत्राच्या अनुक्रमांकासह घ्यावी आणि हमीची मुदत तीवरच लिहून घ्यावी. यंत्र घरीं आल्यावर दुसऱ्याच दिवशीं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तें चालवावें. सर्व कळा दाबाव्या, कॅमेरा लावून मावशीशीं बोलावें, बिजागरी दहा वेळां उघडावी-मिटावी, पंख्याचा आवाज ऐकावा. बदलून देण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि त्यांत एखादा रविवार असतोच.