विकलेला माल आणि परतीचा हक्क

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आमच्या वाचकांपैकी कोणी वाचली नसेल असे आम्हांस वाटत नाही. जुन्या मालाच्या दुकानांत तर ती हटकून आढळते. ती पाहून काही ग्राहक निमूटपणे मागे फिरतात, तर काही जण ‘कायद्याने सात दिवसांत माल परत घेतलाच पाहिजे’ असे म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालतात. दोघांचीही समजूत अपुरी आहे. साध्या कुटुंबाने महिनोन्‌महिने साठविलेले पैसे अशा खरेदीत गुंतलेले असतात; यास्तव हा विषय जरा नीट पाहणे इष्ट होय.

समजा, शिवणकामावर संसारास हातभार लावावा म्हणून एका भगिनीने चार हजार रुपयांस पायाने चालवावयाचे जुने शिलाई यंत्र घेतले. यंत्र उत्तम चालते. दुकानदाराने जे सांगितले त्यात तिळमात्र खोटे नाही. मात्र घरी आल्यावर कळले की नणंद आपले यंत्र तिला फुकट देणार आहे. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली, तो दुकानदाराने पाटीकडे बोट दाखविले. आपले मन साहजिकच त्या भगिनीकडे ओढ घेते. परंतु कायदा दुकानदाराच्या बाजूस आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, समोर असलेल्या तयार वस्तूचा सौदा बिनशर्त ठरला की तिची मालकी सामान्यतः त्याच क्षणी ग्राहकाकडे जाते. विचार पालटला, गरज उरली नाही, घरच्यांस रंग आवडला नाही, ही कारणे सौदा मोडण्यास पुरत नाहीत. माल नवा असो वा जुना, नियम एकच.

मग त्या भगिनीने करावयास हवे होते तरी काय? याचे उत्तर आपल्या पेठांतील व्यापाऱ्यांनी फार पूर्वीच देऊन ठेविले आहे. त्या उत्तराचे नाव जांगड. पसंत पडला तर ठेवावयाचा, नाही तर परत करावयाचा, या बोलीवर नेलेला माल तो जांगड माल. जवाहिऱ्यांच्या व्यवहारात हा शब्द आजही चालतो. १९३० च्या कायद्याचे २४ वे कलम याच रीतीविषयी आहे. ग्राहकाने पसंती कळविली, किंवा माल आपलाच समजून वर्तन केले, की विक्री पुरी झाली. नकार न कळविता ठरलेली मुदत, आणि मुदत ठरली नसल्यास वाजवी काळ, लोटू दिला तरीही ती पुरीच झाली. म्हणजे जांगड आणलेले यंत्र कोपऱ्यात ठेवून विसरून जाणाऱ्यास पुढे परतीची गोष्ट काढता येत नाही.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी ‘पसंत न पडल्यास तीन दिवसांत परत, पूर्ण पैसे रोख’ एवढी एक ओळ पावतीवर लिहून घ्यावी. दुकानदाराने ती लिहिली म्हणजे ती सौद्याची अट झाली. भिंतीवरील पाटी मग तिच्या आड येऊ शकत नाही. ‘पूर्ण’ आणि ‘रोख’ हे दोन्ही शब्द आग्रहाने लिहवून घ्यावे. ते नसले की ‘त्याऐवजी दुसरे काही तरी न्या’ किंवा ‘निम्म्या किमतीत घेतो’ असे ऐकावयास मिळते. निम्म्या किमतीत घेणे ही परतफेड नव्हेच. तो दुकानदाराने केलेला नवा सौदा आहे. शाळेची जुनी पुस्तके विकणारे पुष्कळ जण अशी बोली आरंभीच करतात, आणि त्यात कोणाची फसवणूक नाही.

येथवर आम्ही निर्दोष मालाविषयी बोललो. परंतु पाटी लावली म्हणून दुकानदारास वाटेल ते खपविता येत नाही. सागवानी म्हणून दिलेले कपाट हलक्या लाकडाचे निघाले, तर तो माल वर्णनाप्रमाणे नाही, आणि ग्राहकास तो नाकारता येतो. २०२० साली अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने (२०१९) तर सदोष माल परत घेऊन पैसे देण्याचे नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. मुदत पावतीवर लिहिलेली असेल ती, नसल्यास तीस दिवस. त्या कायद्यातील ग्राहकाच्या व्याख्येत नव्या-जुन्या मालाचा भेद केलेला नाही. मात्र जुनेपणा हा दोष नव्हे. सायकलीचा रंग उडाला आहे, पेटीच्या भात्यास ठिगळ आहे, हे डोळ्यांस दिसत असता घेतले, तर त्याविषयी मागाहून तक्रार चालत नाही.

घरबसल्या फोनवरून मागविलेल्या मालाबद्दल २०२० चे नियम आहेत. जाहिरातीप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेत्याने ती परत घेतलीच पाहिजे. पण केवळ मन बदलले म्हणून परत करण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्या देशात तेथेही नाही, विक्रेत्याने स्वतः दिला असेल तेवढाच. ज्यांचे आप्त इंग्लंडात आहेत त्यांनी ‘चौदा दिवस’ हे शब्द ऐकले असतील. ती तेथील दूरविक्रीची सवलत होय. दुकानात जाऊन घेतलेल्या निर्दोष मालास तीही लागू नाही.

दुकानदाराचेही थोडे ऐकावे. जुन्या मालाचा व्यापारी बहुधा एकेक नग विकत घेऊन थोड्या भांडवलावर धंदा करतो. शनिवारी नेलेला लग्नाचा कोट सोमवारी अत्तराच्या वासासह परत आला, तर त्याने तो का घ्यावा? अशा ग्राहकाची कड घेण्यास आम्ही तयार नाही.

उलट, वचन लिहून देऊन नाकारणाऱ्या दुकानदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क पडत नाही. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून सल्ला घ्यावा. पावती मात्र सौद्याच्या वेळीच मागून घ्यावी. ती न देणे हेही त्याच कायद्याने अनुचित प्रथांत घातले आहे.