मिशीवाल्यांचं बिऱ्हाड

साउथहॅम्प्टनला डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो. गेल्या हिवाळ्यात आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. दिवसभर सोबत काय ती दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीची. पंधरा दिवसांनी त्यांनी विचारलं, "अरे, तो खालचा मिशीवाला सारखा कोपऱ्यात का बसतो? आजारी आहे का?"

आजारी नव्हता, एकटा होता. चूक आमचीच. कोरीडोरास म्हणजे टाकीचा झाडूवाला, अशी समजूत करून घेऊन आम्ही तीन तऱ्हांचे तीन आणले होते: एक ब्राँझ, एक ठिपक्यांचा पेपर्ड, एक पांडा. पांडा महिन्याभरात गेला. धाकटीने त्याला गुलाबाखाली पुरलं आणि दोन दिवस आमच्याशी अबोला धरला.

मग वाचायला बसलो. हे मासे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, थव्याने राहणारे. एका जातीचे निदान सहा तरी हवेत. तीन जातींचे दोन-दोन घेतले की झाले सहा, हे आपलं गणित. त्यांना ते पटत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी ओढ आपल्याच जातीची. आई म्हणाल्या, "मग मी काय वेगळं करतेय इथे?" आम्ही विषय बदलला.

पेपर्डचं मूळ मोठं. बीगल जहाजावरच्या सफरीत डार्विनने तो गोळा केला आणि 1842 साली जेनिन्सने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी या कुळाची नव्याने वाटणी केली, त्यात त्याचं कोरीडोरास हे आडनावही गेलं. दुकानात मात्र जुनंच नाव चालतं.

आम्ही ब्राँझ एका मित्राच्या ब्राँझ थव्यात सोडला आणि पाच पेपर्ड आणले. टोकदार खडी काढून बारीक वाळू घातली, कारण खडीने मिशा झिजतात आणि मिशांवरच त्यांचं अन्न शोधणं चालतं. इथलं पाणी चुनखडीचं, किटलीत पांढरा थर धरणारं. पण टाकीत पैदास झालेल्या पेपर्डला ते मानवतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र औषध घालून मारावंच लागतं. पेपर्डला फार ऊबही नको, बावीस-तेवीस अंश पुरे. वरच्या माशांचं उष्टं त्यांना पुरत नाही. बुडणाऱ्या गोळ्या दिवा मालवल्यावर टाकायच्या. जाळीने पकडताना जपून, शिंगाळ्यासारखे त्यांच्या परांना काटे असतात.

पहिल्या दिवशी जुना पेपर्ड कोपऱ्यातच होता. दुसऱ्या दिवशी सहाही जण एका रांगेत वाळू हुंगत निघाले! मधूनच एखादा सुळकन वर जाऊन हवेचा घोट घेतो. धाकटी घाबरली, पण तो गुदमरत नसतो. गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो आतड्यातून घेतो. सगळेच सारखे वर जायला लागले, तर मात्र पाणी तपासावं.

फेब्रुवारीत थोडं गार पाणी बदलून घातलं आणि दुसऱ्या सकाळी आईंनी हाक मारली, "काचेला साबुदाणा कोणी चिकटवला?" अंडी होती. मोठे मासे ती खातात, म्हणून अलगद काढून वेगळ्या भांड्यात ठेवली. चौथ्या दिवशी पिल्लं निघाली. चौदा जगली.

आई एप्रिलमध्ये परत गेल्या. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न असतो, "चौदाच्या चौदा आहेत ना?" सहा आम्ही शेजारच्या मराठी घरी दिले आहेत, एकत्रच.