कॅनमधलं एक लिटर

"दिवसभर काम करतो ना, अजून व्यायाम कायले?" यवतमाळ जिल्ह्यात वजनाचा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो. दारव्ह्याचा असो की वणीचा, विचारणारा खोटं बोलत नसतो. युरियाची थैली पाठीवर घेणारा हमाल आणि दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई यांना कष्ट शिकवायला कुणी जाऊ नये. पण त्या हमालाचं ओझं गेल्या दहा वर्षांत किती वाढलं? वाढलं नाहीच, उलट कमी झालं. २०१८पासून युरियाची थैली ५० ऐवजी ४५ किलोची येते. शरीराला एकदा ४५ किलो जमले की ते तिथंच थांबतं. रोज तेच ओझं उचलून माणूस दमतो, त्याची ताकद मात्र फारशी वाढत नाही. वेचणीत तर एकच वाकलेली ठेवण तासन्तास चालते. कंबर थकते आणि खांदे, छाती, मांड्या यांना पूर्ण काम कधी मिळतच नाही.

कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे तो इथं. व्यायामात भार आपण ठरवतो, थोडा वाढवतो आणि मग अंगाला विश्रांती देतो. आपल्याकडे हे जुनंच आहे. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. तिथले खेळाडू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवून आले. आखाड्यात नव्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी भारी मुद्गल देत नाहीत, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नसे. प्राचीन ग्रीसचा पहिलवान मिलो रोज वासरू खांद्यावर घ्यायचा आणि वासराचा बैल होईपर्यंत घेत राहिला, अशी दंतकथा आहे. गोष्ट छान आहे, पण आपल्या गोठ्यातला गोऱ्हा दिवसाला अर्धा किलोनं सहज वाढतो. माणसाची ताकद काही त्या वेगानं वाढत नाही. आठवडा-पंधरवड्यात एखादा किलो वाढला तरी पुष्कळ.

म्हणून मला जिममधल्या डंबेलपेक्षा दहा लिटरचे दोन प्लास्टिकचे कॅन बरे वाटतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दुकानात जायला नको, वजन किलोकिलोनं वाढवता येतं. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी हिंदकळतं आणि तोल सांभाळताना पोटाच्या स्नायूंनाही आपसूक काम लागतं. हातात रुतत असेल तर मुठीला जुनं फडकं गुंडाळावं.

आठवड्यातले तीन दिवस, एकाआड एक, अर्धा-अर्धा तास पुरतो. हालचाली पाच. पहिली उठाबशा: गुडघे कुरकुरत असतील तर मागं खुर्ची ठेवून तिच्यावर टेकायचं आणि उठायचं. दुसरी दंड: जमिनीवर जमत नसतील तर ओट्यावर हात ठेवून, तेही जड जात असेल तर भिंतीला. तिसरी ओढणं: एक हात पलंगावर टेकवून वाकायचं आणि दुसऱ्या हातानं कॅन जमिनीवरून बरगडीपर्यंत ओढायचा. चौथी उचलणं, आणि आपल्याकडे कंबर धरते ती नेमकी इथंच. कॅन दोन्ही पायांच्या मध्ये ठेवायचा, पाठ सरळ ठेवून कुल्हे मागं न्यायचे, गुडघे थोडे वाकवायचे आणि मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. चुंगडी उचलताना आपण याच्या बरोबर उलट करतो: पाय ताठ, पाठ गोल आणि वरून झटका. पाचवी सगळ्यांत सोपी, दोन्ही हातांत कॅन घेऊन अंगणात चालायचं.

प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा, मग दोन मिनिटं बसायचं, असे दोन-तीन फेरे. अजून दोनदा जमलं असतं असं वाटेल तिथं थांबायचं. सगळ्या फेऱ्यांत १२ व्यवस्थित जमले की पुढच्या वेळी कॅनमध्ये एक लिटर पाणी वाढवायचं आणि पुन्हा ८ पासून सुरुवात करायची. बाकी सगळी हौस आहे. भार उचलताना श्वास कोंडू नये, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी अंग दुखेल आणि दोन-तीन दिवसांत थांबेल. सांध्यात सुई टोचल्यासारखं दुखलं तर मात्र ते दुखणं वेगळं, तिथं थांबावं.

आता वजनाचं. अर्ध्या तासाच्या अशा व्यायामानं जळतं फार तर शंभर-दीडशे कॅलरी. त्यानं चरबी वितळेल या आशेवर राहू नये. वजन घटतं ते ताटातून. मग कॅन कशाला? नुसतं खाणं कमी केलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. उतरलेल्या चार किलोंतला किलोभर स्नायूंचा असू शकतो. भार उचलत राहिलं की हा स्नायू कामाचा आहे, मोडू नकोस, असा निरोप शरीराला जातो.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. आठवड्याला अर्धा किलो घटवायचं तर रोज ५५० कमी पडायला हव्यात. पाच जणांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम म्हणजे ३०० कॅलरी झाल्या. ते २० ग्रॅमवर आणलं की १२० वाचल्या. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे ५० ग्रॅम साखर. त्याऐवजी एक चमच्याचे दोनच चहा घेतले की आणखी १६० वाचल्या. उरलेला हिशोब तर्रीच्या तवंगात आणि संध्याकाळच्या दोन आलुबोंड्यांत सापडतो. भाकरीला उगाच बदनाम करू नये.

उपासाबद्दलही जरा बोलायला हवं. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीत आणि खिचडीत तूप-दाणे सढळ हातानं पडतात. त्या दिवशी वजन कमी होण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

प्रथिनं हा आपल्या ताटातला खरा खड्डा आहे. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागं १.२ ग्रॅम धरले तर ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम लागतात. ३० ग्रॅम तुरीच्या डाळीच्या घट्ट वरणात साडेसहा ग्रॅम मिळतात, पातळ पाण्यासारख्या वरणाचं विचारूच नका. एका अंड्यात सहा, मूठभर फुटाण्यांत पाच-सहा. सोयावडीत तर निम्मी प्रथिनंच. हा जिल्हा सोयाबीन क्विंटलनं पिकवतो आणि जवळजवळ सगळं विकून टाकतो, हे मला कधी पटलेलं नाही. कच्चं सोयाबीन मात्र खाऊ नये; त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही आणि शिजवल्यावर तो निकामी होतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी, आणि इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण घटवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोनं उतरला तर हुरळू नये. त्यात बरंचसं पाणी असतं. मे महिन्यात ४४ अंशांच्या उन्हात जाकीट घालून धावणाऱ्याचं वजन असंच उतरतं, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं आणि मध्ये उष्माघात होतो तो वेगळाच. उन्हाळ्यात व्यायाम पहाटे साडेपाचलाच उरकावा. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी बघावं आणि त्याबरोबर शिंप्याची फीतही वापरावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पुरुषांचा घेर ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. काटा हलत नसला आणि फीत आत जात असली, तर काम बरोबर चाललं आहे.

पेरणी लागली की तीन आठवडे कॅनला हात लागणार नाही, हे धरूनच चालावं. ओल पाहून शेतात पळणाऱ्याला व्यायामाचं वेळापत्रक दाखवण्यात अर्थ नाही. पेरा आटोपला की, आधी सात लिटरवर असाल तर पाच लिटरवर सुरुवात करायची. गेलेले दोन लिटर बहुधा पंधरा दिवसांत परत येतात.