खापरपणजोबांचा पत्ता

वेरूळच्या भोसल्यांची वंशावळ तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरलेली आहे. सरफोजी महाराजांनी १८०३ मध्ये ती दगडात उतरवून घेतली. त्याच वेरूळच्या शिवारात नांगर धरणाऱ्या रयतेची वंशावळ कुणी कोरली नाही. ती तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, रुमालात बांधलेल्या दफ्तरांत विखरून पडली आहे. सध्या मराठवाड्यातली असंख्य कुटुंबे ती दफ्तरे सोडवून आपला खापरपणजोबा शोधत आहेत. संपादकांनी ‘प्रत्यक्ष पाहून या’ म्हटले आणि मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत जाऊन बसलो.

या शोधाची सुरुवात सर्वांना ठाऊक आहे. २०२३ च्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर ७ सप्टेंबरला शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमण्याचा निर्णय काढला. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांतून कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. पुढे तालुक्यांना वंशावळ समित्या आल्या. कुणबी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते, आणि अर्जदारापासून त्या पूर्वजापर्यंत एकेक पिढी जुळावी लागते. आरक्षणाची चर्चा इतरत्र भरपूर झाली आहे. मला ओढ लागली ती पिढ्या जुळवण्याच्या कामाची.

ते काम करणारे एक निवृत्त शिक्षक तिथे बसतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. मोडी त्यांना वाचता येते. उर्दू नोंदींसाठी शेजारी एक वयस्कर चाचा असतात, कारण निजामाचा दरबारी कारभार उर्दूत चालत असे. समोर एखाद्या गावची भावकी दाटीवाटीने उभी असते.

‘गुरुजी, आमचं आडनाव निघालं का?’

‘आडनाव राहू दे. आज्याच्या बापाचं नाव सांग.’

जुन्या नोंदींत आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘तुकाराम वलद सखाराम’ एवढेच असते. कुठे ‘वलद’, कुठे ‘बिन’. अर्थ एकच, अमक्याचा मुलगा. गुरुजी सखारामाला धरून आणखी जुन्या कागदाकडे जातात आणि तिथे त्याचा बाप शोधतात. मोडीत ओळीवर आधी आडवी रेघ ओढतात आणि अक्षरे तिच्याखाली लिहितात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. म्हणून गुरुजी ओळ दोनदा वाचतात, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने.

मग वर्षाचा हिशेब. निजामी कागदावर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवायचे. पण फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचे, तेव्हा जानेवारीपासूनच्या नोंदींना ५९१. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. हा एक आकडा चुकला, तर मुलगा बापाच्या आधी जन्मलेला दिसतो.

एका कागदावर गुरुजी कधी विसंबत नाहीत. १९५४ चे खासरा पत्रक जमीन कोणाच्या नावे होती ते सांगते, १९५१ ची कुळ नोंदवही ती कोण कसत होता ते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पोराचे नाव, कोतवाल बुकात जन्म-मृत्यू, निबंधकाकडे दत्तकविधान. दोन कागद एकमेकांना दुजोरा देतात तेव्हाच गुरुजी वंशवृक्षात नाव भरतात. ही शिस्त पाहून मला त्यांच्याविषयी मोठा आदर वाटला.

काळजीही तिथेच वाटली. कागद कसर खाते. घडीवर तुकडा पडला की नेमके बापाचे नाव जाते. एका गावात चार सखाराम असतात, आणि कोणता आपला हे सांगणारे म्हातारे माणूस उरलेले नसते. मोडी वाचणारे बहुतेक उतारवयाचे आहेत. नव्याने शिकलेल्यांना वळणदार नमुना वाचता येतो, घाईत लिहिलेला कागद येत नाही. दाखल्याची निकड असली की हव्या तशा नोंदीसाठी खाडाखोडीचा मोहही होतो, आणि एका खाडाखोडीने अख्ख्या दफ्तरावरचा विश्वास उडतो.

त्याहून मोठी उणीव कागदाच्या स्वभावातच आहे. सरकारने लिहिले ते सारा वसूल करण्यासाठी, गुन्हा नोंदवण्यासाठी, मालकी ठरवण्यासाठी. ज्याच्या नावे जमीन नव्हती, त्याची पिढी तिथे सापडणे दुर्मीळ. पालावर राहणाऱ्यांची तर त्याहून. बाई ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको, म्हणून नवऱ्याच्या नावाला जोडून येते. तिचे माहेर कोणते, हे दफ्तर क्वचितच सांगते. भावकीने आणलेल्या वंशवृक्षातही मी पाहिले, सगळ्या फांद्या पुरुषांच्या होत्या.

म्हणून दाखला हातात पडला की शोध थांबवू नये. मिळालेल्या एका नोंदीपुरता नव्हे, तर दफ्तराच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून गाववार सूची करावी. ती सगळ्या जातींच्या, जमीन असलेल्या-नसलेल्या लोकांच्या कामी येईल. गुरुजींसारख्यांच्या शेजारी दोन तरुण बसवून त्यांना मानधन द्यावे. आणि प्रत्येक घराने आजीला तिच्या आईचे, तिच्या आजीचे नाव आणि गाव विचारून आजच लिहून ठेवावे. तेवढे कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.