बालसंगोपनाचा दिवस आणि त्याची मोजदाद

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वसलेल्या आणि बेळगाव व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांना भिडलेल्या चंदगड तालुक्यात भात, नाचणी, ऊस आणि काजू यांवर अर्थव्यवहार चालतो, आणि मुंबई, पुणे, गोवा किंवा बेळगाव येथे नोकरीसाठी गेलेल्या पुरुषांच्या कमाईचीही त्याला जोड असते. अशा घरांत लहान मुलांचा सांभाळ बहुधा आईकडे असतो. मजुरी मिळत नसल्यामुळे तिचा दिवस उत्पन्नाच्या कोणत्याही नोंदीत उमटत नाही. हा दिवस कशाने भरतो आणि तो मोजणे अवघड का जाते, याचा विचार करण्यासाठी साडेतीन वर्षांचे थोरले आणि दहा महिन्यांचे धाकटे मूल असलेले घर उदाहरणादाखल घेता येईल.

या घरातील खरी अडचण कामांच्या संख्येपेक्षा दोन मुलांच्या वेगवेगळ्या वेळापत्रकांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालच्या मार्गदर्शनानुसार 4 ते 11 महिन्यांच्या बालकाला दिवसाची डुलकी धरून 12 ते 16 तास, तर तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते. धाकट्याला अंगावरच्या दुधाखेरीज दिवसातून तीन-चार वेळा नाचणीची खीर, मऊ भात किंवा वरण असा पूरक आहार, म्हणजे आईच्या दुधासोबत द्यावयाचे घट्टसर अन्न, भरवावे लागते. थोरले स्वतःच्या हाताने जेवू शकते, मात्र ते जेवताना जवळ बसावे लागते. परिणामी एक मूल निजते तेव्हा दुसरे जागे असते, आणि आईला सलग विसावा असा क्वचितच मिळतो.

पहाटे पाणी तापवणे, चहा, गोठ्यातील शेण काढणे आणि भाकरी यांपासून दिवसाला सुरुवात होते. त्यानंतर धाकट्याला तेल लावून, पायांवर घेऊन न्हाऊ घालणे, धुरी देणे आणि साडीच्या झोळीत निजवणे हे पारंपरिक क्रमाने चालते. तेवढ्या वेळात थोरल्याला तयार करून अंगणवाडीत पोहोचवायचे असते. तेथून परतल्यावर धुणे, भांडी आणि दुपारचा स्वयंपाक एकापाठोपाठ येतात, पण झोळी हलली की हातातले काम अर्धे सोडून उठावे लागते. दुपारी थोरले घरी आल्यावर त्याचे खेळ, रुसवे आणि प्रश्न यांची भर पडते. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी दोन्ही मुले थकलेली आणि किरकिरी असल्यामुळे हाच दिवसातील सर्वांत कठीण काळ ठरतो. धाकटे रात्री उठून दूध मागते, त्यामुळे दिवसाचा शेवट कोणता हे ठरवणेही सोपे राहत नाही.

या क्रमावर ऋतूचा प्रभाव मोठा असतो. चंदगडच्या जोरदार पावसाळ्यात दुपटी आणि कपडे वाळत नाहीत, म्हणून ते चुलीच्या उबेला टांगावे लागतात, आणि अंगण चिखलाने भरल्यामुळे थोरल्याच्या खेळासाठी घराबाहेरची जागा उरत नाही. नेमक्या याच काळात भाताची रोपलावण असते, त्यामुळे एरवी मूल घेणारी आजी किंवा जाऊ शेतात जाते. एकत्र कुटुंब असल्याने आईवरचा भार हलका होतो हे सर्वसाधारणपणे खरे असले, तरी गरज सर्वाधिक असते तेव्हा ती मदत शेतीकडे वळते.

अशा श्रमांची गणना करण्याचे एक साधन म्हणजे वेळ-वापर सर्वेक्षण, ज्यात व्यक्तीच्या चोवीस तासांची अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांत नोंद घेतली जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 सालच्या सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दररोज सरासरी 289 मिनिटे आणि पुरुषांचा 88 मिनिटे वेळ खर्च होतो. कुटुंबातील व्यक्तींची देखभाल करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अनुक्रमे 137 आणि 75 मिनिटे आहे. मात्र ही सरासरी सर्व वयोगटांतील व सर्व प्रकारच्या घरांतील सहभागी व्यक्तींची असल्यामुळे दोन लहानग्यांच्या आईची स्थिती तिच्यात पुरती दिसत नाही. शिवाय भाकरी थापताना रांगणाऱ्या मुलाकडे ठेवलेले लक्ष, ज्याला तज्ज्ञ निष्क्रिय देखभाल म्हणतात, मुख्य कामाच्या आड सहज झाकले जाते.

अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी 1934 साली यासाठी एक कसोटी मांडली: जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येते, ते घरात विनामोबदला झाले तरी उत्पादकच मानावे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रचलित गणनेत मात्र अशा घरगुती सेवा अद्याप धरल्या जात नाहीत. न्यायालयांनी या बाबतीत काहीसे पुढचे पाऊल टाकले असून, अपघाती मृत्यूची भरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या सेवांना आर्थिक मूल्य दिले आणि 2021 साली कीर्ती खटल्यात तिच्या श्रमांचे काल्पनिक उत्पन्न गृहीत धरण्याचे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले.

मूल्य मान्य होण्याइतकेच महत्त्व वेळ मोकळा होण्याला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 नंतर बोर्डी येथे व पुढे कोसबाडला वस्तीतल्या अंगणातच बालशिक्षण नेण्याचा प्रयोग केला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगाव पोहोचवली. परंतु तिचे पूर्वप्राथमिक शिक्षण 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी आणि दिवसातील काही तासांपुरतेच असते. तीन वर्षांखालील बालकाला प्रामुख्याने घरी नेण्याचा शिधा, लसीकरण आणि वजनाची नोंद मिळते, सांभाळ मिळत नाही. मिशन शक्तीअंतर्गत 2022 पासून राबवल्या जाणाऱ्या पाळणा योजनेत 6 महिने ते 6 वर्षे वयाच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय अपेक्षित आहे. चंदगडसारख्या तालुक्यात तिचा लाभ खऱ्या अर्थाने मिळायचा असेल, तर पाळणाघराची वेळ कार्यालयीन तासांऐवजी रोपलावण आणि काजूचा हंगाम यांच्याशी जुळवावी लागेल, कारण आईचा दिवसही त्याच हंगामांनी ठरतो.