कन्या समूहाची नोंदवही

एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास महाराष्ट्रातून पाहिलं, तर कन्या दीर्घिकासमूह जवळजवळ डोक्यावर असतो. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेचा हा पट्टा नुसत्या डोळ्यांना ओकाबोका दिसतो. प्रत्यक्षात तिथे, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून अधिक दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणात गुंतलेल्या आहेत.

त्यांची नोंद ठेवणं सुरुवातीपासूनच कटकटीचं. शार्ल मेसिए या फ्रेंच धूमकेतूशोधकाने १८ मार्च १७८१ रोजी इथले आठ धूसर डाग टिपले. त्यांतला शेवटचा, एम ९१, पुढे कुणाला सापडेचना. मेसिएने त्याचं स्थान मोजलं होतं एम ८९ पासून, पण आकडेमोड केली एम ५८ धरून. ही गफलत टेक्सासमधल्या एका हौशी निरीक्षकाने १९६९ मध्ये पकडली. १८८ वर्षं एक अख्खी दीर्घिका कागदावर भलत्याच जागी होती!

आजही ज्या यादीचे क्रमांक संशोधक वापरतात, ती १९८५ ची. ब्रुनो बिंगेली, ॲलन सँडेज आणि गुस्ताव तामान यांनी ती केली. चिलीतल्या लास कांपानास वेधशाळेच्या अडीच मीटर दुर्बिणीतून ६७ फोटोप्लेटी घेतल्या. एकेक प्लेट वीस इंच लांब-रुंद, काचेची. सगळं मिळून १४० चौरस अंश आकाश, म्हणजे पौर्णिमेचे सातशे चंद्र मावतील एवढं.

प्लेट निगेटिव्ह असते. आकाश फिकट, त्यावरचे तारे नि दीर्घिका काळ्या. तारा नेमक्या कडेचा ठिपका असतो. बटू लंबगोल दीर्घिका मात्र बोटाने पुसटल्यासारखी दिसते, कडा कुठे संपते ते सांगवत नाही. अशा काही डागांच्या मधोमध बारीकसा गडद बिंदू असतो, ते तिचं केंद्रक. ते दिसलं की प्रकारापुढे स्वल्पविराम देऊन 'एन' लिहायचं. स्थान, प्रकार, तेजस्विता आणि माहीत असल्यास वेग, अशा २०९६ नोंदी झाल्या. सर्वसाधारण १८ व्या प्रतीपर्यंत यादी परिपूर्ण धरली जाते. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून साठ हजारपट अंधुक.

खरं काम मात्र मोजण्यापेक्षा निवाड्याचं होतं. गल्लीतली पणती आणि लांबच्या हमरस्त्यावरचा हॅलोजन सारखेच मिणमिणते दिसू शकतात. मग कन्येतली कुठली नि मागच्या खोल आकाशातली कुठली, हे कसं ठरवायचं? वेग मोजावा, तर बहुतेक अंधुक दीर्घिकांचे वर्णपट तेव्हा नव्हतेच. शिवाय वेग फसवतो. समूह सरासरी सेकंदाला सुमारे ११०० किलोमीटर वेगाने दूर जातोय, पण आतल्या दीर्घिका इतक्या जोरात फिरतात की एम ८६ आणि एम ९० चक्क आपल्याकडे येताना आढळतात.

तेव्हा या तिघांनी रूपावर भिस्त ठेवली. खरी बटू दीर्घिका पसरट, विरळ उजेडाची. दूरची मोठी दीर्घिका लहान दिसली तरी घट्ट उजेडाची. या कसोटीवर १२७७ दीर्घिका सदस्य ठरल्या, ५७४ संभाव्य, उरलेल्या पार्श्वभूमीच्या. हा 'संभाव्य'चा रकाना मला या यादीतला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. पुढे वर्णपट मिळत गेले तेव्हा नजरेने दिलेले बहुतेक निवाडे टिकले. एम ८७ सारख्या राक्षसी दीर्घिका नाव कमावतात, पण वस्ती मुख्यतः बटूंची, हेही याच यादीने ठसठशीतपणे दाखवलं.

२०१४ मध्ये कोरियन खगोलशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने विस्तारित यादी आली. आकाश पाचपटीहून जास्त, दीर्घिका १५८९. त्यांतल्या ६७६ जुन्या यादीत नव्हत्या. यात सदस्यत्व ठरवताना मोजलेल्या वेगाचा आधार होता, त्यामुळे वर्णपट न मिळालेल्या कितीतरी अंधुक बटू या यादीबाहेर राहिल्या. नवी यादी आली म्हणून जुनी बाद झाली नाही, ती त्यामुळेच.

नजरेच्या पद्धतीलाही एक प्रकार चकवतो, तो म्हणजे अतिघट्ट बटू. पृथ्वीवरून पाहिल्यास त्या सरळ ताऱ्यासारख्या दिसतात. एम ६० जवळची अशी एक दीर्घिका २०१३ मध्ये उजेडात आली, आणि पुढच्याच वर्षी तिच्या पोटात सुमारे दोन कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असल्याचं जाहीर झालं.