शॉर्टहँड : लिहा थोडं, कळू द्या सगळं

प्रवास संपला की घरच्या ग्रुपवर तुम्ही ‘पोचलो’ एवढंच लिहिता आणि आई निर्धास्त होते. गाडी मिळाली, सामान नीट आहे, काळजी करू नकोस, हे सगळं तिला त्या एका शब्दात कळतं. अशा कमी शब्दांतल्या खुणेच्या भाषेलाही हल्ली ‘शॉर्टहँड’ म्हणतात. पण हा शब्द आला कुठून?

इंग्रजीत ‘हँड’ म्हणजे हात, तसंच हस्ताक्षरही. म्हणून नेहमीचं लिहिणं ते ‘लाँगहँड’ आणि झटपट लिहिण्याची पद्धत ती ‘शॉर्टहँड’, म्हणजेच आपलं लघुलेखन. इंग्लंडच्या आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात स्पेलिंग नाही, उच्चार लिहायचा. ‘प’साठी हलक्या हाताने ओढलेली रेघ, ‘ब’साठी तीच रेघ जरा दाबून. घाईत स्वर गाळले तरी चालतात, वाचताना ते संदर्भावरून ओळखायचे. महाराष्ट्रात सरकारी लघुलेखकाच्या नोकरीसाठी मिनिटाला १०० किंवा १२० शब्दांचा वेग लागतो.

आपल्या पत्रांतही अशी खूण होतीच. ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ मावायचं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही ते ठाऊक असायचं. शॉर्टहँडची खरी अट हीच!

ही अट मोडली तर काय होतं, ते पाहायचं असेल तर घरातली औषधाची चिठ्ठी काढा. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. डॉक्टर आणि केमिस्टला हे पाठ असतं, पण गोळी घेणाऱ्या आजीला? तिने अंदाजाने घेतली तर चूक महागात पडू शकते.

म्हणून चिठ्ठी हातात पडली की तिथेच विचारून घ्या. घरी आल्यावर पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा, ‘सकाळी एक, रात्री एक’. दोन मिनिटं जातील, पण आजीला कुणाला विचारावं लागणार नाही.

आईला ‘पोचलो’ पुरतं, कारण ती तुम्हाला ओळखते. जिथे अशी ओळख नाही, तिथे चार शब्द जास्त लिहायला काय हरकत आहे?